बंदीगृहाची डागडुजी आणि बंदोबस्त : काही ऐतिहासिक प्रसंगांचा विचार

१. प्रास्ताविक

बंदीगृहांच्या इतिहासाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी अभ्यासकांत रूढ आहेत. पहिली सुधारकाची. जॉन हॉवर्डने १७७७ साली इंग्लंडातील तुरुंगांची स्थिती वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून कैद्याचे अन्न, आरोग्य, श्रम आणि नीती यांची चर्चा या दृष्टीने होत आली आहे. दुसरी दृष्टी आराखड्याची. जेरेमी बेंथॅमने १७९१ साली सर्वदर्शी बंदीगृहाची कल्पना मांडली, आणि १९७५ साली मिशेल फूको याने त्याच आराखड्यात आधुनिक सत्तेचे प्रतीक पाहिले. मध्यभागी मनोरा, सभोवती कोठड्या, आणि एका नजरेच्या टप्प्यात सारे बंदिवान, हे चित्र त्यानंतर इतके प्रभावी ठरले की बंदीगृह म्हणजे जणू एक आकृतीच होय, असा समज दृढ होत गेला.

परंतु आकृती कागदावर असते, इमारत मात्र ऊनपावसात उभी असते. तिच्या भिंतींना ओल येते, गजांना गंज चढतो, नळ गळतात, कुलपे झिजतात, छपरावरील झडपा सैल होतात. ही झीज रोजच्या रोज भरून काढणारे गवंडी, सुतार, लोहार, नळजोडारी व रंगारी यांच्या श्रमांवाचून कोणतेही बंदीगृह दहा वर्षेसुद्धा बंदीगृह म्हणून टिकणार नाही. असे असूनही या श्रमांना इतिहासात स्वतंत्र स्थान क्वचितच मिळाले आहे.

प्रस्तुत निबंधात मांडावयाचे प्रतिपादन थोडक्यात असे : बंदीगृहाची दुरुस्ती ही बंदोबस्ताची एक शाखा नसून बंदोबस्ताचा पायाच आहे, मात्र तीच दुरुस्ती बंदोबस्तातील सर्वांत मोठे छिद्रही ठरू शकते. भिंत सुस्थितीत राखण्यासाठी भिंतीपाशी हत्यार न्यावेच लागते, आणि जेथे हत्यार जाते तेथे त्याची मोजदाद ठेवणारी पद्धतही जावी लागते. ही पद्धत जेथे शिथिल झाली तेथे काय घडले, याचे काही प्रसंग येथे तपासले आहेत.

२. हिंदुस्थानातील पूर्वपीठिका

पहिला प्रसंग महाराष्ट्राला सुपरिचित आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरी खून झाल्यावर इंग्रजांच्या आग्रहामुळे दुसऱ्या बाजीरावास आपला कारभारी त्रिंबकजी डेंगळे त्यांच्या स्वाधीन करावा लागला. त्रिंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. देशी शिपाई फितूर होतील या भयाने त्याच्यावर युरोपियन पहारा नेमला होता. किल्ला भक्कम होता, पहारेकरी विश्वासू होते. तरीही सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. ग्रँट डफने दिलेल्या वृत्तान्तानुसार, एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पदरी असलेला मराठा मोतद्दार घोडा फिरविण्याच्या निमित्ताने खिडकीखालून येजा करी, आणि सहज गुणगुणल्यासारखे करून गाण्यातून निरोप पोचवी. पहाऱ्यावरील गोऱ्यांना मराठी कळत नव्हते.

ही हकीकत सामान्यतः साहसकथा म्हणून सांगितली जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे मर्म निराळे आहे. पहारा कैद्यावर होता, मोतद्दारावर नव्हता. जो मनुष्य नित्याच्या कामासाठी येतो व जातो, त्याचे येणेजाणेच त्याला अदृश्य करते. कैद्याच्या निष्ठेबद्दल इंग्रजांनी जितका संशय बाळगला, त्याच्या दशांशाने जरी आवारातील सेवकांच्या वर्दळीची चौकशी केली असती, तरी पुढील वर्षीच्या पुणे तहाकडे नेणारी घटनामालिका काहीशा वेगळ्या वाटेने गेली असती, असे मानण्यास जागा आहे.

एडनच्या तुरुंगातील वासुदेव बळवंत फडके यांची कथाही अशीच. कोठडीचे दार बिजागऱ्यांवरून उखडून ते बाहेर पडले व लवकरच पुन्हा पकडले गेले, असे त्यांच्या चरित्रात परंपरेने सांगितले जाते. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथेच त्यांचा अंत झाला. या कथेत फडक्यांचे शरीरबळ जितके दिसते, तितकीच त्या दाराची अवस्थाही दिसते. कुलूप शाबूत असून दार निघू शकते. कारण दाराला दोन बाजू असतात, आणि रक्षकाचे लक्ष बहुधा कुलपाच्या बाजूलाच असते.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील तुरुंगव्यवस्थेला एकरूपता येऊ लागली. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ साली आपला अहवाल दिला व कैद्यांना रस्त्यांच्या कामावर बाहेर नेण्याच्या प्रथेवर कडक टीका केली. त्यानंतर कैद्यांचे श्रम हळूहळू तटाच्या आत वळविण्याकडे कल झाला. याचा एक परिणाम असा की, तुरुंगाची झाडलोट, चुनाकाम, सुतारकाम, लोहारकाम ही कैद्यांचीच कामे होऊन बसली. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने मनाई केलेल्या वस्तू आत आणणे वा बाहेर नेणे हा अपराध ठरविला. त्याच अधिनियमाने अंमलदार म्हणून नेमलेल्या कैद्यांना लोकसेवकाचा दर्जाही दिला. म्हणजे एका हाताने वस्तूंवर बंधन घातले, तर दुसऱ्या हाताने देखरेखीचा काही भार कैद्यांवरच टाकला.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण अंदमानातील सेल्युलर जेल होय. १८९६ ते १९०६ या काळात ते कैद्यांच्या श्रमांनीच बांधले गेले. मधला मनोरा, त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या तीन मजली सात शाखा, आणि एकलकोंडीच्या सुमारे ७०० कोठड्या अशी त्याची रचना होती. कोठडीच्या दाराचा अडसर भिंतीतील खोबणीत अशा अंतरावर बसविलेला होता की आतील मनुष्याचा हात तेथवर पोहोचू नये. रचनेत इतकी सावधगिरी असताना रोजचा कारभार मात्र वॉर्डर, पेटी ऑफिसर, जमादार अशा पायऱ्या चढलेल्या कैद्यांच्या हाती होता. विनायक दामोदर सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाचे वाचक या मंडळींना चांगले ओळखतात. येथे सुरक्षिततेचा खरा आधार समुद्र हा होता. म्हणूनच ही विसंगती खपली. मुख्य भूमीवरील तुरुंगांना ती सवलत नव्हती. शिड्या, दोर, बांबू, पहारी व कुदळी सायंकाळी मोजून बंद करणे, गज ठोकून त्यांचा आवाज ऐकणे, कुलपे तपासणे, गिनती जुळल्यावाचून पहारा न बदलणे, हे नियम तेथे अनुभवातून आले.

३. अल्कॅट्राझ : झिजलेली भिंत

समुद्राच्या आधारावर विसंबलेले दुसरे प्रसिद्ध बंदीगृह म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील अल्कॅट्राझ. तेथील मोठे कोठडीगृह लष्करी कैद्यांच्या श्रमांनी बांधले जाऊन १९१२ साली पुरे झाले. १९३४ साली ते संघीय बंदीगृह झाले, तेव्हा कोठड्यांच्या दर्शनी बाजूस सहजी कापता न येणाऱ्या पोलादाचे नवे गज बसविण्यात आले व दूरवरून दारे उघडझाप करण्याची यंत्रणाही आली. परंतु सगळा खर्च दर्शनी बाजूवर झाला. कोठडीची मागील भिंत जुन्या काँक्रीटचीच राहिली. तिच्यामागे नळ व तारा यांच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला एक अरुंद बोळ होता. वर्षानुवर्षे खाऱ्या हवेच्या व ओलीच्या माऱ्याने ते काँक्रीट ठिसूळ झाले होते.

जून १९६२ मध्ये फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरेन्स अँग्लिन हे बंधू याच वाटेने गेले. भोजनगृहातील चमचे आणि मोडक्या धूळशोषक यंत्राच्या मोटारीपासून केलेले गिरमिट, ही त्यांची मुख्य हत्यारे. हवेच्या जाळीभोवतीचे काँक्रीट त्यांनी भोके पाडून सैल केले, मागील बोळातील नळांवरून चढून ते कोठडीगृहाच्या माथ्यावर पोचले, आणि तेथे चक्क एक छुपा कारखाना मांडला. पन्नासाहून अधिक पावसाळी अंगरख्यांतून त्यांनी तराफा व तरंगपट्टे तयार केले. बिछान्यावर ठेवलेली कृत्रिम मस्तके रात्रीच्या गिनतीत माणसे म्हणून मोजली गेली. छपरावरील झडप सैल केल्यावर तिचा खिळा जागच्या जागी दिसावा म्हणून साबणाचा खिळा करून बसविला होता. चौथा साथी ॲलन वेस्ट याच्याकडे त्या काळात कोठडीगृहाच्या माथ्यावरील रंगकामाची कामगिरी होती; तो मात्र आपल्या कोठडीतून वेळेवर बाहेर पडू शकला नाही. इतर तिघांचे पुढे काय झाले, याचा निर्णायक पुरावा मिळालेला नाही.

या प्रसंगाची चर्चा बहुधा त्या तिघांच्या कल्पकतेवर थांबते. इतिहासाच्या अभ्यासकाने उलट्या दिशेने विचार करावयास हवा. चमच्याने भिंत का खरडली गेली? दुरुस्तीसाठी राखलेल्या बोळात नियमाने कोणी का गेले नाही? मोडक्या यंत्राची मोटार कैद्यापर्यंत कशी पोचली? माथ्यावर काम चालू असताना तेथील प्रत्येक कोपरा कामानंतर कोणी पाहिला? साबणाचा खिळा डोळ्यांना फसवू शकतो, परंतु हाताने हलवून पाहणाऱ्याला फसवू शकत नाही. गिनती करणाऱ्याने मस्तक पाहिले, श्वास पाहिला नाही. या प्रत्येक ठिकाणी नियम होता. नियमाचा हेतू मात्र विसरला गेला होता.

२१ मार्च १९६३ रोजी अल्कॅट्राझ बंद झाले. बंद करण्याचा विचार या पलायनापूर्वीच चालू होता, आणि त्याचे कारणही डागडुजीशीच निगडित होते. गोड्या पाण्यासकट प्रत्येक वस्तू नावेने आणावी लागे; इमारत पूर्ववत करण्यास ३० ते ५० लाख डॉलर लागतील असा अंदाज होता; आणि दर कैद्यामागील दैनंदिन खर्च इतर संघीय बंदीगृहांच्या जवळजवळ तिप्पट होता. ज्या बंदीगृहाची ख्याती अभेद्यतेची, त्याचा पराभव अखेर गंज व ओल यांनी केला.

४. ॲटिका : रंगाखालचा जोड

अल्कॅट्राझमध्ये दोषाचे फळ म्हणजे तीन माणसे नाहीशी झाली. न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका येथे त्याचे मोल फार भयंकर ठरले. १९३१ साली सुरू झालेल्या या बंदीगृहात चार विभागांना जोडणाऱ्या मार्गिका मध्यभागी एका चौकात एकत्र येत. या चौकाची दारे म्हणजे सगळ्या वास्तूची नाडी होती. एका विभागात दंगा झाला तर तो तेथेच कोंडता यावा, ही त्यामागील योजना. ९ सप्टेंबर १९७१ रोजी सकाळी क्षुब्ध कैद्यांच्या लोंढ्याने यांपैकी एका दारावर धडक मारली आणि दार कोसळले. दार धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याचा जोड मुळातच सदोष होता. वर्षानुवर्षे त्यावर रंग चढत गेला होता. तो दोष कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. चौकातील रक्षक जबर जखमी होऊन पुढे मरण पावला. दूरध्वनीची यंत्रणा जुनाट असल्याने धोक्याची वार्ताही सर्वत्र वेळेवर पोचली नाही. १३ सप्टेंबरला राज्याच्या सशस्त्र दलाने बंदीगृह परत घेतले, तेव्हाच्या गोळीबारात २९ कैदी व १० ओलीस मारले गेले. एकूण मृतांची संख्या ४३ झाली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सदोष जोड हे ॲटिकाच्या उठावाचे कारण नव्हे. तो उठाव विभागाच्या मर्यादेबाहेर पसरण्याचे कारण होय. आठवड्यातून एकच स्नान, महिन्यास स्वच्छतेच्या कागदाची एकच गुंडाळी, अपुरे वैद्यकीय साहाय्य, वर्णभेदाची वागणूक, या गोष्टींनी असंतोष साचला होता. रॉबर्ट मॅके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९७२ साली दिलेल्या अहवालात ही परिस्थिती सविस्तर नोंदली गेली. सुरक्षिततेच्या नावाने केवळ दारेच मजबूत करा असे म्हणणारा या प्रसंगाचा अर्धाच बोध घेतो; आणि दाराच्या जोडाची चर्चा म्हणजे मूळ अन्यायावर पांघरूण, असे म्हणणाराही अर्धाच बोध घेतो. नीट पाहिले तर दोन्ही उपेक्षा एकाच मनोवृत्तीच्या आहेत. जी व्यवस्था कैद्याच्या स्नानाची चौकशी करीत नाही, ती दाराच्या जोडाचीही करीत नाही. दोन्हींवर ती रंगाचा हात फिरवून पुढे जाते.

५. डॅनेमोरा : हत्यारांची पेटी

तिसरा प्रसंग त्याच राज्यातील, परंतु अलीकडचा आहे. डॅनेमोरा येथील क्लिंटन बंदीगृह १८४५ पासून चालू आहे. त्याच्या सर्वाधिक सुरक्षित विभागातून ६ जून २०१५ रोजी रिचर्ड मॅट व डेव्हिड स्वेट हे खुनाच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगणारे दोघे कैदी पळाले. कोठडीच्या मागील पोलादी पत्र्याला भोक, त्यामागे दुरुस्तीची अरुंद पायवाट, तिच्याखाली नळांचे भुयार, विटांची भिंत, वाफेचा जाड नळ, आणि अखेर तटाबाहेरील रस्त्यावरचे झाकण, असा त्यांचा मार्ग होता. हिवाळ्यात हा नळ तप्त असे. थंडी संपून वाफ बंद झाली तेव्हाच तो कापता आला. म्हणजे इमारतीच्या देखभालीचे ऋतुमानसुद्धा कैद्यांना अवगत होते. मॅट २६ जून रोजी संघीय सीमा गस्ती दलाच्या गोळीने ठार झाला. स्वेट २८ जून रोजी पकडला गेला.

न्यूयॉर्क राज्याच्या महानिरीक्षकांनी जून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला या प्रकरणाचा अहवाल आपल्या विषयाचा जणू पाठ्यग्रंथच आहे. करवतीची पाती शिवणकाम विभागातील एका शिक्षिकेने आणून दिली. गोठविलेल्या मांसात दडवून ती शेवटी एका रक्षकाच्या हातून कोठडीपर्यंत गेली. त्याच रक्षकाने एका कैद्याला विजेच्या तारांची फेरजोडणी करण्यासाठी कोठडीमागील पायवाटेवर जाऊ दिले होते. कर्मचाऱ्यांच्या पिशव्या दरवाजावर नियमाप्रमाणे उघडल्या जात नव्हत्या. रात्रीच्या गिनतीत बिछान्यावरील आकृती खरोखरच सजीव आहे की नाही, हे पाहिले जात नव्हते. पायवाटा व भुयारे यांची तपासणी नियमात होती, व्यवहारात नव्हती. बाहेरील कंत्राटदारांच्या कामगारांची हत्यारे आतच पेट्यांत ठेवलेली असत. स्वेट रात्री त्यांतील हत्यारे काढून वापरी आणि परत ठेवी.

या अखेरच्या तपशिलाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. हत्यारे चोरीस गेली असती तर सकाळी बोभाटा झाला असता. ती जागच्या जागी होती म्हणून कोणास शंका आली नाही. यावरून दिसते की हत्यारांची गणती हा उपायाचा अर्धा भाग आहे. हत्यार रात्री कोठे निजते, हा दुसरा. कामाच्या ठिकाणीच ते ठेवणे कामगाराच्या सोयीचे असते, आणि सोयीच्या पोटी नियम मोडण्याची सवय जडते. अहवालाचा सूर असा की या पलायनाच्या मुळाशी एखादी मोठी चूक नसून दीर्घकाळची बेफिकिरी होती.

६. पद्धतीचा अर्थ

वरील प्रसंगांवरून दुरुस्तीच्या कामातील सुरक्षापद्धतीची काही तत्त्वे निष्पन्न होतात. प्रत्येक हत्याराला ठरलेली जागा असावी. फळीवर हत्याराची काळी आकृती रंगवून त्यावरच ते टांगण्याची रीत अनेक देशांतील बंदीगृहांत आहे. हत्यार नसले की आकृती उघडी पडते व पाहणाऱ्यास मोजण्याचीही गरज राहत नाही. हत्यार नेणाऱ्याने आपल्या क्रमांकाचा बिल्ला तेथे अडकवावा. मोडलेले पाते टाकून न देता तुकड्यासकट परत करावे, मगच नवे मिळावे. बाहेरच्या कामगारासोबत रक्षक असावा, आणि काम संपल्यावर जागा व साहित्य दोन्ही तपासावीत. किल्ली कोणत्याही सबबीवर कैद्याच्या हाती जाऊ नये. गज डोळ्यांनी न पाहता ठोकून पाहावा; अखंड गजाचा नाद व कापलेल्या गजाचा नाद यांत फरक असतो.

या साऱ्या पद्धतीत एक गुण समान आहे : ती माणसाच्या भलेपणावर किंवा बुरेपणावर अवलंबून नाही. ठाण्यास इंग्रजांनी माणसांच्या निष्ठेवर भिस्त ठेवली; डॅनेमोरा येथे परिचयाने विश्वासाची जागा घेतली. पद्धतीचा आग्रह धरणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखविणे नव्हे. उलट पिशवी सर्वांचीच उघडली जात असेल तर कोणाचाच अपमान होत नाही. कैद्याच्या विनवणीला वा धमकीला बळी पडण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्या सामान्य नळजोडाऱ्याला किंवा सुताराला ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर सर्वांत मोठे संरक्षण देते.

इंग्लंडात १९६६ साली जॉर्ज ब्लेक हा हेर वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगाच्या खिडकीचा गज मोडून पळाला, तेव्हा लॉर्ड माउंटबॅटन यांची चौकशी झाली व कैद्यांचे धोक्यानुसार चार वर्ग पाडण्याची प्रथा आली. तिच्यामागेही हाच विचार होता : सर्वांवर सारखी कडक नजर ठेवू गेल्यास नजर कोणावरच राहत नाही. जेथे खरा धोका आहे तेथे पद्धत घट्ट असावी, म्हणजे इतरत्र माणुसकीस वाव राहतो.

७. उपसंहार

बंदीगृहाच्या इतिहासाची साधने शोधताना अभ्यासक न्यायालयीन कागद, समित्यांचे अहवाल व बंदिवानांच्या आठवणी पाहतात. त्यांच्या जोडीला दुरुस्तीच्या नोंदवह्या, सामानाची मागणीपत्रे, हत्यारांचे जमाखर्च व बांधकाम खात्याचा पत्रव्यवहार पाहिला जावा, अशी या निबंधाची शिफारस आहे. कोणती भिंत कितीदा लिंपली, कोणत्या वर्षी मंजुरीअभावी काम राहिले, कोणते कुलूप बदलावयाचे ठरून बदलले गेले नाही, या रुक्ष नोंदींतून शासनाची नियत जितकी स्पष्ट दिसते तितकी त्याच्या घोषणांतून दिसत नाही. आपल्याकडे हे साहित्य जिल्हा कचेऱ्यांच्या व तुरुंगांच्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. ते वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तिकडे वळावे.

जे शासन माणसाला कोंडते, ते त्याच्या जीविताची, त्याच्या रक्षकाच्या जीविताची आणि बाहेरील समाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी एकाच वेळी पत्करते. ॲटिकाच्या चौकातील तो जोड या तिघांनाही एकत्र बांधून होता. तो तुटला तेव्हा रक्षकही मेला आणि कैदीही मेले. भिंतीची डागडुजी ही म्हणूनच कनिष्ठ प्रतीची कामगिरी मानता येत नाही. तिच्यावर तटाच्या आतील व बाहेरील, दोन्हीकडच्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.